कला-ग्रंथपालाचे पद स्वतंत्र हवे

महोदय,

एका कलादालनात आठवड्याला एक प्रदर्शन धरले, तर वर्षाच्या ५२ निमंत्रणपत्रिका होतात. एकावर एक रचल्या तर जेमतेम दोन बोटे जाडी. एवढासा गठ्ठा सांभाळायला माणूस नसतो, म्हणून तो रद्दीत जातो. पुढे तीस वर्षांनी कुणी एखाद्या चित्रकारावर काम करायला घेतले, की त्याच पत्रिकेसाठी दारोदार हिंडावे लागते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक इथल्या मोठ्या ग्रंथालयांनी आणि कला महाविद्यालयांनी कला-ग्रंथपालाचे, म्हणजे कलेची पुस्तके आणि असे सुटे कागद सांभाळणाऱ्या ग्रंथपालाचे, स्वतंत्र पद ठेवावे, यासाठी हे पत्र.

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढते ते पुस्तक. चारपानी घडीपत्रक, किंमतयादी, चित्राचा फोटो, वर्तमानपत्रातले कात्रण यांना ना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ना पुठ्ठा. फळीवर ती उभीही राहत नाहीत. कला-ग्रंथपाल प्रत्येक चित्रकाराच्या नावाने आम्लविरहित कागदाचे पाकीट करतो, गंजणाऱ्या टाचण्या काढतो आणि कागद हातात येताच मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने साल लिहितो. हे साल फार मोलाचे, कारण पत्रिकेवर वार असतो, तारीख असते, साल मात्र पुष्कळदा नसते.

समजा, ‘मंगळवार, ५ डिसेंबर’ एवढेच छापले आहे. १९५० ते २०२३ या काळात असा दिवस अकरा वेळा आला. मग पत्ता पाहायचा. सहा आकडी पिनकोड असेल तर पत्रिका १९७२ च्या आधीची नाही. पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर ती बहुधा १९९५ च्या नामांतराआधीची. दोन्ही खुणा असतील, तर उरली तीन साले : १९७२, १९७८ आणि १९८९. पुढचा निवाडा चित्रकाराचे वय, दूरध्वनी क्रमांकातले आकडे आणि छपाईची पद्धत यांवरून होतो. विक्रीला आलेले चित्र खरे की नकली, हे ठरवताना अशी साल लागलेली, चित्रांची यादी असलेली पत्रिका मोठा आधार असते.

नावांचा घोळ वेगळाच. चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांचे कागद ‘प’ खाली, ‘म’ खाली आणि चित्रपटाच्या कपाटात असे तीन ठिकाणी विखुरले, तर विद्यार्थ्याला एकच गठ्ठा सापडतो आणि तो तेवढ्यावरच प्रबंध लिहितो. चित्रकार धुरंधरांची नोंदही कुठे ‘म. वि.’, कुठे ‘एम. व्ही.’, कुठे ‘रावबहादूर’ अशी मिळते. एक नाव पक्के करून बाकीच्या नावांवरून तिकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून संगणकावरचा शोधही आंधळाच.

सर्वांत जास्त हानी होते बाइंडिंगमध्ये, आणि तीही जपणुकीच्या नावाखाली. दिवाळी अंकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती फाडून टाकायच्या, मग तिन्ही बाजूंनी कटिंग मारायचे, ही जुनी रीत. चित्रकार दीनानाथ दलालांचे चित्र ज्या मुखपृष्ठावर होते तेच गेले, तर खाली उरला फक्त मजकूर. कटिंगच्या पात्याखाली चित्राची कड जाते आणि कोपऱ्यातली सहीसुद्धा. वर ग्रंथालयाचा शिक्का नेमका चित्राच्या तोंडावर! बाइंडरला लेखी सूचना हवी : मुखपृष्ठासह बांधावे, कटिंग करू नये, पाने घट्ट शिवू नयेत. शिक्का फक्त मागच्या कोऱ्या जागेत.

पावसाळ्यात गळतीचे पाणी कपाटात शिरले, तर साधा कागद एकवेळ वाचतो; कॅटलॉगचा गुळगुळीत आर्ट पेपर नाही. त्याच्यावर चिनी मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. भिजला की लेप सुटतो, आणि मिटलेल्या स्थितीत वाळला की अख्ख्या कॅटलॉगची वीट होते. मग पान सोडवायला गेले तर चित्र शेजारच्या पानाला चिकटून येते. म्हणून भिजलेला कॅटलॉग उन्हात ठेवायचा नाही. ओला असतानाच, पहिल्या पाच-सहा तासांत, पानापानांत मेणकागद घालायचा. तेवढे हात नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि पुढे सवडीने जाणकाराच्या हाती द्यायचा. हे ठाऊक असलेला एक माणूस त्या दिवशी हजर असला, तर आख्खे कपाट वाचते.

कला-ग्रंथपालाच्या टेबलापाशी कोण येत नाही? नऊवारीचा जुना घोळ पाहायला नाटकाचे वेशभूषाकार येतात, अक्षरांची वळणे पाहायला सुलेखनकार, वडिलांच्या पहिल्या प्रदर्शनाची तारीख हवी असलेली मुले. प्रकाशक विचारतात, हे चित्र छापता येईल का? धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्काची मृत्यूनंतरची साठ वर्षे २००४ अखेर संपली. दलाल १९७१ मध्ये गेले. तिथे २०३१ अखेरपर्यंत थांबायला हवे किंवा हक्कधारकांची परवानगी घ्यायला हवी. हे तिथल्या तिथे सांगणारा माणूस शहरात असला पाहिजे.

पद भरताना पदवीचा कागद जरूर पाहावा. त्यासोबत उमेदवारापुढे साल नसलेली एक पत्रिका आणि पाने न कापलेला एक जुना दिवाळी अंक ठेवावा, आणि आता काय कराल, असे विचारावे.

आपले,
कला-ग्रंथालयांत काम करणारे काही वाचक, मुंबई