लाल रेघ दाखवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात मी अमळनेरहून जळगावला आपल्याकडे आले, तेव्हा माझी तक्रार मलाच विसंगत वाटत होती. डोळ्यांतून सारखे पाणी वाहत होते आणि तरीही पापण्यांखाली रेती खुपावी तसे होत होते. उत्तरपत्रिकांची दोन पाने तपासली की अक्षरे पुसट होत. हा डोळे कोरडे पडण्याचा विकार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. त्याआधी दीड वर्ष मी एका औषध दुकानातून घेतलेले थेंब घालत होते. त्यांनी चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. त्या थेंबांत स्टिरॉइड आहे, हे बाटली हातात घेऊन सांगणाऱ्या आपणच पहिल्या. असे औषध देखरेखीवाचून दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू या दोहोंचा धोका असतो, म्हणून आपण लगेच डोळ्यांतला दाबही मोजलात. तो ठीक निघाला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

डोळ्यांत कोणताही थेंब घालण्याआधी आपण खालची पापणी ओढून तिच्या आतल्या बाजूला एका पट्टीचे मऊ टोक सहा-आठ ठिकाणी हलकेच टेकवलेत. दहा मिनिटांनी त्या पट्टीवर निळ्या रेघेशेजारी लाल रेघ उमटली. निळी रेघ चाचणी नीट झाल्याची खूण, आणि लाल रेघ म्हणजे अश्रूंच्या एका मिलिलिटरमध्ये एमएमपी-९ नावाचे, दाह झाला की वाढणारे विकर (एन्झाइम) ४० नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, असे आपण सांगितलेत. हे विकर ॲलर्जीत किंवा जंतुसंसर्गातही वाढू शकते, त्यामुळे एवढ्यावर निदान करायचे नाही, हेही आपण लपवले नाहीत. मग अश्रू किती येतात हे मोजणाऱ्या शर्मर चाचणीची कागदी पट्टी पापणीत अडकवलीत. ५ मिनिटांत तिच्यावर ओल चढली ती अवघी ४ मिलिमीटर.

त्यानंतर बाहेर रांग असतानाही आपण जे समजावून सांगितलेत, त्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. वाफ्यातले पाणी उन्हाने आटले की मातीवर क्षाराचा पांढरा थर उरतो, तसेच अश्रूंचा पातळ थर लवकर उडून गेला की उरलेल्या अश्रूंतला खारटपणा वाढतो; त्याने डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी चिडतात आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे निरोप सोडतात; त्यातून वाढलेले एमएमपी-९ बुबुळावरच्या पेशींमधले घट्ट सांधे उसवते, चिकट स्राव देणाऱ्या पेशी कमी होतात आणि अश्रूंचा थर आणखीच अस्थिर होतो. डोळ्याला टोचते म्हणून मेंदू पाणी सोडायला लावतो, पण ते पाणी डोळ्यावर टिकत नाही. एकतीस वर्षे मी फळ्यासमोर उभी राहिले, पण अवघड गोष्ट इतकी सोपी करून सांगणे मला क्वचितच साधले असेल.

तोंड कोरडे पडते का, सांधे दुखतात का, हेही आपण विचारलेत आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते त्या स्योग्रेन विकाराची शंका नको म्हणून रक्त तपासून घेतलेत. ते अहवाल निर्दोष आले. दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब झोंबतील, फरक पडायला काही महिने लागतील, तरी मध्येच सोडू नका, असे आपण बजावले होतेत. पहिले तीन आठवडे ते खरोखरच असह्य झोंबले आणि आपण आधी सांगितले नसते, तर मी ती बाटली नक्कीच टाकून दिली असती. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथींसाठी रोज गरम शेक घेते. उन्हाळी वाऱ्यापासून वाचवायला केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ना, तसा बाजूंनी झाकलेला चष्मा घालूनच आता दुपारी बाहेर पडते.

दिवाळीनंतरच्या तपासणीत आपण ती पट्टी माझ्या हातात दिलीत. तिच्यावर निळी रेघ होती आणि तिच्या शेजारची जागा पांढरीच होती. कागदी पट्टीवर ओल ९ मिलिमीटरपर्यंत चढली होती. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी न थांबता वाचत बसले.

होळीनंतर पुन्हा येईन, तेव्हा शेजारच्या वहिनींनाही सोबत आणते. त्यांच्याही डोळ्यांतून पाणीच वाहते आणि त्याही दुकानातून आणलेलेच थेंब घालत आहेत. येताना ती बाटली घेऊन चला, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर