काका, उत्तनपर्यंत एकटी जाऊन आले, थँक यू

काका, समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या बससेवेतून, रिटायर झालेला माणूस पहाटे उठून शेजारच्या मुलीच्या बाजूला बसतो आणि घोडबंदर रोडला कंटेनरच्या शेजारून गाडी कशी काढायची ते एकदाही आवाज न चढवता शिकवतो, कोण करतं हो एवढं? लायसन्स होतं माझ्याकडे, हिंमत तुम्ही दिलीत. आणि कुठे जायचं तेही तुम्हीच सांगितलंत, की एकीकडे ठाण्याची खाडी, वरून उल्हास नदी, आपण राहतो साष्टी बेटावर पण ते जाणवायला भाईंदरच्या पुढे समुद्रकाठी उत्तनला जावं लागतं, रविवार सोडून जा.

काशीमिरा, भाईंदर, तिथपर्यंत नेहमीचंच ट्रॅफिक. मुर्धा-राई लागलं आणि मिठागरं, जुनी घरं, वळणावर क्रूस, मागून कुणी हॉर्नसुद्धा देत नाही. अरुंद रस्त्यात समोरून बस आली की आधी आपण थांबायचं, तसंच केलं, ड्रायव्हरने हात दाखवला तेव्हा इतकं भारी वाटलं ना!

उत्तनला काच खाली ठेव म्हणालात ते फार बरं झालं. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगलेले, ओळीच्या ओळी, आणि तो खारट वास, एसी लावून बसले असते तर अर्धं उत्तन राहूनच गेलं असतं. एक मावशी ओले बोंबील अडकवत होत्या, इतका पटापट हात चालत होता की मी बघतच राहिले.

मग पुढचं चौक गाव. तिथल्या धारावी किल्ल्याचं फार काही उरलं नाहीये, पण तिथून खाडीपलीकडे वसई दिसते, आणि चिमाजी अप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची १७३७ ते १७३९ ची मोहीम शाळेत नुसती पाठ केलेली ती तिथे उभं राहिल्यावर कळते, खाडीचं तोंडच इथून दिसतं म्हटल्यावर वसईला समुद्रातून येणारी रसद अडवायला ही जागा हवीच होती.

पुढे केशवसृष्टीच्या बाजूची झाडी, मग गोराई, तिथून मागे फिरले. मनोरी राहिलंय. काकूंना विचारून वार सांगा, तिघं जाऊ, गाडी मी चालवते.