शेळी खात नाही, पण लेकरं खातात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी माझ्या अंगणवाडीतली तीन लेकरं अन् एकीचा पहिलीतला भाऊ, चौघंही एकामागून एक ओकायला लागली. गावानं लगेच खिचडीवर बोट ठेवलं. ती खिचडी मदतनीस ताईंनी माझ्यासमोर शिजवलेली, मीही ताटभर खाल्लेली. मग एका आईला फ्रॉकच्या खिशात काळ्या बिया सापडल्या. चंद्रज्योत!

आमचं कुंपणच चंद्रज्योतीचं. फांदी खोचली की जगते, शेळी तोंड लावत नाही. वीसेक वर्षांपूर्वी तर डिझेल निघेल म्हणून बांधाबांधावर लावायला सांगत होते. डिझेल राहिलं बाजूला, झाडं उरली. बी फोडलं की पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा. दोन-तीन बियाही लेकराच्या पोटाला बाधतात. उलट्या, जुलाब, घशात आग, पोटात मुरडा.

एक आजीबाई मिठाचं पाणी पाजून ओकवायला निघाल्या होत्या. नर्सताईंनी फोनवरच ओरडून थांबवलं: काही पाजू नका, 108 बोलवा, अन् झाडाची फांदी बोंडासकट सोबत घ्या. फांदी बघून डॉक्टरांना काय खाल्लं ते विचारत बसावं लागलं नाही. म्हणाले, याला उतारा नाही, अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. सलाईन लावली. तिसऱ्या दिवशी चौघंही घरी आली.

एक कबूल करते. लहानपणी आम्ही या झाडाच्या चिकाचे फुगे काढायचो. गेल्या वर्षी देठाचं कडं करून ते फुगे मीच लेकरांना काढून दाखवले. हे झाड खेळायचं, असं त्यांना वाटलं ते माझ्यामुळं.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. उत्तर आलं, कुंपण काढलं तर शेळ्या शिरतील. अहो, अडुळशालाही शेळी तोंड लावत नाही, वर खोकल्याला पाला कामी येतो! तो वाढेपर्यंत तार ओढा. अन् ज्या शाळा-अंगणवाड्यांच्या कडेला चंद्रज्योत आहे, तिथं निदान बोंडं हिरवी असतानाच तोडून घ्या.

सध्या मी दार उघडायच्या आधी पडलेली बोंडं वेचते. कुंपण ऐंशी फुटांचं आहे, बोंडं रोज पडतात.

– एक अंगणवाडी सेविका, केज तालुका, जि. बीड