आबा, वहीत माझे नाव लिहायला लावलेत त्याबद्दल

आदरणीय आबांस सविनय नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील याची मला खात्री आहे. तुमच्या ओसरीवर येऊन दोन शब्द बोलले असते तरी चालले असते, पण तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते मासे तोलण्याच्या वजनकाट्यापाशी, चारचौघांदेखत केलेत, म्हणून आभारही चारचौघांत मानावेत असे वाटले. उन्हाळा संपला, पाऊस लागला, जाळी माळ्यावर गेली, तरी त्या सकाळची आठवण आली की माझा गळा अजून दाटून येतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडे सांगते. माझे माहेर सिन्नरच्या पूर्व भागातले. तिथे पाणी म्हणजे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे. लग्न होऊन दारणा धरणाच्या काठी आले तेव्हा एवढे पाणी एका ठिकाणी मी प्रथमच पाहिले. सासरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. यंदा थंडी सरता सरता यजमानांच्या पाठीच्या मणक्याचे दुखणे एवढे बळावले की डॉक्टरांनी वजन उचलायला आणि होडी वल्हवायला साफ मनाई केली. घरात होडी होती, जाळी होती, जाळ्यांसाठी काढलेले कर्ज होते आणि समोर उन्हाळा होता.

धरणावर मासेमारी करणाऱ्या घराला उन्हाळा चुकवून चालत नाही. दारणा धरण १९१६ सालचे, शंभरी ओलांडलेले. पावसाळ्यात साठलेले पाणी उन्हाळी आवर्तनात खाली सुटते, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात पोहोचते आणि तिथून कालव्यांनी निफाड-कोपरगावकडच्या शेतांना जाते. इकडे आमचा काठ रोज मागे सरकतो, गाळाच्या जमिनी उघड्या पडतात आणि पावसाळ्यात दूरवर पांगलेला मासा आकसत आकसत नदीच्या जुन्या पात्राकडे येतो. मार्च ते मे या काळात जे हाती लागेल त्यावर पावसाळ्याचे महिने काढायचे असतात. पण पाणी उतरले म्हणजे मासा आपोआप जाळ्यात येतो, असा जो बाहेरच्यांचा समज असतो तो खरा नाही, हे तुम्ही मला दाखवलेत.

तुमच्याकडे येण्याआधी मी कोणाकोणाकडे गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी मदत करणे हे त्यांचे कामच होते त्या पदाधिकाऱ्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला आणि पुन्हा विचारायला गेले तेव्हा घरातल्या पुरुष माणसाला पाठवा असे सांगितले. ते माणूस अंथरुणावर आहे हेच तर अर्जात लिहिले होते. एका प्रशिक्षण शिबिरात पडद्यावर रंगीत चित्रे दाखवली गेली, प्रमाणपत्र मिळाले, पण दिवसभरात कोणीही पाण्याजवळ नेले नाही. एका व्यापाऱ्याने उचल देऊ केली, ती अशा अटीवर की हंगामभर मासा त्यालाच आणि त्याच्याच भावाने द्यायचा. नात्यातली माणसे काठावर उभी राहून बाईमाणसाने होडीत बसावे की नाही यावर बोलत राहिली. यांपैकी एकानेही दोर हातात धरला नाही. हे मी रागाने लिहीत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. मला राग आहे, आणि तुमच्या चांगुलपणाची किंमत कळायला तो राग उपयोगी पडतो.

तुम्ही पलीकडच्या काठचे. आमचे तुमचे नाते नाही. माझ्या सासऱ्यांना तुम्ही ओळखत होतात, एवढाच धागा. निरोप मिळाल्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी उन्हे कलताना तुमची होडी घेऊन आलात आणि काही विचारपूस न करता म्हणालात, “चल ताई, पाणी बघून येऊ.”

ते पाणी बघणे मी जन्मभर विसरणार नाही. होडी जुन्या पात्रावर उभी करून तुम्ही मला कोपरापर्यंत हात बुडवायला सांगितलात. वरचे पाणी पेजेसारखे कोमट होते आणि बोटांना लागणारे त्याहून थोडे गार. मग दोराला बांधलेला दगड तुम्ही तळापर्यंत सोडलात, बराच वेळ तसाच राहू दिलात आणि भराभर वर ओढून माझ्या तळहातावर ठेवलात. एवढ्या उन्हाळ्यात तो दगड गारेगार लागला. त्याला चिकटलेला काळा गाळ तुम्ही माझ्या नाकाशी नेलात. कुजका वास येत होता. तुम्ही म्हणालात, इथे खाली मासा श्वास घेत नाही, इथे जाळे तळाला टेकवले तर रिकामे येईल. थोडे पुढे, जिथे पात्राचा उतार सुरू होतो तिथे पुन्हा दगड सोडलात. तिथल्या गाळाला नुसता मातीचा वास होता. जाळे तिथे लागले.

मी बी.एस्सी. झाले आहे, आबा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास, हे मी परीक्षेत लिहिले होते. उन्हाळ्यात वरचे तापलेले हलके पाणी खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही, तळाशी कुजणारा पाला आणि गाळ तिथला प्राणवायू संपवून टाकतो आणि म्हणून मासा वरचा उकाडा व खालची घुसमट यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, हेही कुठेतरी वाचलेले होते. पण तो पट्टा आमच्या दारणेत, आमच्या होडीखाली किती हातांवर आहे हे एका दगडाने आणि एका दोराने शोधता येते, हे मला कोणत्याही वर्गात कळले नसते.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी शाळेचेच होते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो पाण्याच्या वरच्या थरातले तरंगते बारीक जीव खातो. रोहू मधल्या थरात वावरतो आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून एकाच जाळ्याला तरंग्यांची दोरी लांब-आखूड करून कोणत्या उंचीवर ठेवायचे ते आधी ठरवायचे, हे तुम्ही हातात दोर देऊन शिकवलेत. दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो, तो वरचे पाणी आणि त्यातले कटल्याचे खाद्य पूर्वेच्या काठाकडे लोटतो, म्हणून वारा पडला की तिकडच्या अंगाला जाळे सोडायचे. पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांची खोडे वर येऊ लागतात, त्यांच्या मागे मासा सावलीला असतो खरा, पण तिथे जाळे फाटते. अशा जागी तुम्ही गळ टाकायला लावलात, गांडूळ लावून चिलापीसाठी आणि जिवंत बारीक मासळी लावून मरळीसाठी. मरळ पाण्याबाहेरची हवा घेऊ शकते, त्यामुळे बाकीचे मासे जिथून निघून जातात त्या कोमट, उथळ, गवताळ पाण्यातही ती टिकते. भर दुपारी तुम्ही गवतात उठलेला एकच बुडबुडा दाखवलात आणि म्हणालात, ती बघ, श्वास घेऊन गेली.

उन्हाळ्यात जाळे रात्रभर पाण्यात सोडून झोपायचे नाही, ही तुमची शिस्त मला सर्वांत अवघड गेली आणि तिचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. अडकून मेलेला मासा तापलेल्या पाण्यात काही तासांत मऊ पडतो, कल्ल्यांचा लाल रंग उतरतो आणि काट्यावर त्याला निम्मा भाव मिळतो. म्हणून मध्यरात्री एकदा आणि उजाडायच्या आत पुन्हा एकदा जाळे तपासायचे. जितका मासा तितका बर्फ, तोही फोडून बारीक केलेला, खाली एक थर आणि वर एक थर, आणि वितळलेले पाणी पेटीत साचू द्यायचे नाही. मध्यरात्रीच्या फेरीला तुम्ही तुमच्या काठावरून कंदील हलवायचात आणि मी उलट बॅटरी दाखवली की मगच तुम्ही घरी जायचात. तुमचे वय मला माहीत आहे, आबा. त्या वयात माणसे झोप सोडत नाहीत.

आणि आता त्या सकाळविषयी.

पहिल्यांदाच जाळे जड आले होते. कटला होता, चार चांगले मृगळ होते, एक सायप्रिनस (कॉमन कार्प) होता. काट्यावर गर्दी होती. वजन झाले, व्यापाऱ्याने वही उघडली आणि माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारले की हे तुमच्या खात्यावर धरू की ह्यांच्या मालकाच्या? आजवर असेच होत आले होते. मी काटा गाठला, मासा निवडला, बर्फ भरला, तरी चिठ्ठीवर यजमानांचे नाव नाहीतर नुसते ‘घरचे’ एवढेच लिहिले जायचे. मी गप्प उभी होते. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “जाळं कोणी वढलं? त्या ताईचं नाव लिव्ह.” तो जरा थांबला. तुम्ही त्याच्या वहीत, कोऱ्या ओळीवर, बोट ठेवलेत. जाळ्याच्या दोऱ्याने चिरलेले, नखाशी काळे पडलेले ते बोट तुम्ही तो लिहीपर्यंत हलवले नाहीत. त्याने लिहिले. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही वही माझ्याकडे वळवलीत आणि म्हणालात, “बरोबर लिव्हलं का बघ.”

बरोबर लिहिले होते. माझे नाव, माझ्या सासरचे आडनाव, पुढे किलो, पुढे रुपये.

तुमच्या दृष्टीने ती फार छोटी गोष्ट असेल, कारण लगेच तुम्ही बर्फाच्या पेटीकडे वळलात. पण त्या ओळीखाली हंगामभर माझ्या नावाच्या ओळी येत गेल्या. त्याच वहीच्या उताऱ्यावर बचत गटाने मला नवीन जाळ्यासाठी कर्ज दिले, कारण दाखवायला माझ्या नावावरचे उत्पन्न होते. यजमानांनी ती चिठ्ठी अंथरुणावर वाचली आणि त्यांना कमीपणा वाटला नाही, उलट त्यांनी ती देवघरात ठेवली. ज्या पदाधिकाऱ्यांनी घरातला पुरुष आणायला सांगितले होते त्यांच्यापैकी एकाने मे महिन्यात मला नावाने हाक मारली. त्यांनीही ती वही पाहिली असावी.

तुमच्याविषयी आणखी एक सांगायचे राहिले तर पत्र अपुरे राहील. वैशाखात माद्यांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, भरू लागते. गाभोळीला गिऱ्हाईक हात जोडून पैसे देते. त्या दिवशी जाळ्यात मोठी रोहूची मादी आली, कल्ला शाबूत, जिवंत. तुम्ही तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलीत, ती स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत. मी भाव मनात मोजत होते हे तुम्ही ओळखलेत आणि सांगितलेत की पहिल्या पुराच्या पाण्यात ही अंडी घालील, किलोमागे लाखाच्या वर. ती फुकट गेली असे समजू नको. पाणी उतरताना काठाला तुटून राहिलेल्या डबक्यांत पहाटे बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, वर तोंड काढून धापा टाकत असायची, कारण रात्रभर पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात आणि उजाडायच्या वेळी तो सर्वांत कमी उरतो. ती पिशवीत भरून नेणारी मुले होती. तुम्ही त्याच मुलांना बादल्या देऊन ती बोटुकली मोठ्या पाण्यात सोडायला लावलीत आणि नंतर त्यांना भेळ खाऊ घातलीत. त्या मुलांत माझा धाकटाही होता. आता तो डबके दिसले की बादली मागतो.

कोणी बघत असो वा नसो, स्वतःच्या हक्काचे नसलेले घ्यायचे नाही आणि दुसऱ्याच्या हक्काचे त्याच्या पदरात पडेपर्यंत बोट उचलायचे नाही, अशी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याविषयी बातम्या येत नाहीत, सत्कार होत नाहीत, कारण त्यांना अर्ज करता येत नाही. माझी विनंती आहे की हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावातल्या अशा एकाचे नाव एकदा तरी मोठ्याने घ्यावे.

यजमानांचे दुखणे उतरणीला आहे. डॉक्टरांनी दिवाळीनंतर हलके काम करायला हरकत नाही असे सांगितले आहे, तरी होडी मीच वल्हवणार असे आमचे ठरले आहे. बारीक डोळ्यांचे जुने जाळे, ज्यात तुमची ती बोटुकली अडकायची, आम्ही वापरातून काढले. बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या जाळ्याचे डोळे तुम्ही सांगितलेत तेवढेच मोठे आहेत. खालच्या दोराला शिशाचे मणी कमी पडतात असे मला वाटते, तेव्हा पावसाची उघडीप मिळाली की एकदा येऊन बघून जावे. तुमची बर्फाची पेटी आमच्याकडेच आहे, तीही त्याच वेळी नेता येईल. जेवायलाच या. काकूंनाही आणा.

आपली कृतज्ञ,
दारणेकाठची तुमची ताई