घाट ब्रेकवर नको, गिअरवर उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी मिळाली की नुसता घाट चालवायला म्हणून गाडी काढणारी बरीच माणसं असतात, मी त्यातलाच एक. पोचायचं कुठेच नसतं. वळणाच्या आधी गिअर कमी करायचा, हळूच आत शिरायचं, वळण सुटता सुटता समोर अख्खी दरी उघडते आणि ती बघून होतेय तोवर पुढचं वळण, तासभर डोक्यात दुसरं काही येतच नाही. हे सुख कुणी सोडावं असं मला अजिबात वाटत नाही. पण उतारावर लोक गाड्या कशा सोडतात ते बघून जीव घाबरा होतो, म्हणून हे पत्र.

गाडी शिकल्यावरच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट आहे, वडील शेजारी बसले होते आणि मी टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच घाट उतरत होतो. आधी जळका वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर पेडल एकदम मऊ लागलं, दाबलं तर खाली जातंय आणि गाडी काही थांबत नाही. वडील एवढंच म्हणाले, "पेडल मारत राहा, गिअर खाली घे." थर्ड, मग सेकंड, इंजिन ओरडलं पण गाडी आवरली, डोंगराच्या बाजूला जागा दिसली तिथे घेतली. चाकांतून धूर येत होता. ते पेडल अजून पायाला आठवतं.

झालं काय होतं, तर पायाचा जोर चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रकारचं नवं ब्रेक ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, तेच ओलावा धरलं की हा आकडा 140 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि सतत दाबून तापलेल्या ब्रेकला तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, मग तुमचा पाय ते बुडबुडेच दाबत बसतो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ते अगदी खरं आहे. लांब उतारावर इंजिनाने गाडी धरायची आणि ब्रेक लागेल तेवढाच मारून सोडायचा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात त्यांना तर हात जोडून सांगतो, वाचत नाही हो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा पेट्रोल बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतं. आणि इंजिनच बंद करून उतरणं म्हणजे कहर, ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

वेगाचंही तसंच, त्याच वळणावर 20 चे 40 केले तर गाडी बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, दुप्पट नाही. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीच्या एका बाजूला 48 हेअरपिन म्हणजे उलटी फिरणारी तीव्र वळणं आहेत, प्रत्येकावर नंबर लिहिलेला, असा रस्ता घाईने संपवण्यात कसली मजा? मागे घाईतली गाडी आली की मी रुंद जागा बघून साइड देतो. अरुंद जागी चढून येणाऱ्यालाही आधी जाऊ देतो, चढावर थांबून परत गाडी उचलणं त्याला जड जातं.

उतार सुरू होतो तिथे 'लो गिअर'चा मोठा बोर्ड आणि गाडी थांबवायला थोडी रुंद जागा, एवढं प्रत्येक घाटात व्हावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक घाटवेडा वाचक