पन्नास केल्विनचा उंचवटा : ताईंना आभारपत्र

छत्रपती संभाजीनगर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

कॉपर क्रोमियम ऑक्साइडवरील माझा प्रबंध गेल्या आठवड्यात जमा झाला. त्यातले मुख्य प्रकरण तुमच्यामुळे उभे राहिले, हे सर्वांसमक्ष लिहिल्यावाचून मला चैन पडणार नाही.

या पदार्थात क्रोमियमचे अणू थराथरांनी, त्रिकोणी जाळीत बसलेले असतात. शेजारच्या स्पिनने, म्हणजे अणूच्या सूक्ष्म चुंबकाने, उलट दिशा धरावी, हा नियम दोघांत सहज पाळला जातो. तिसरा आला की कोणाला तरी नमते घ्यावे लागते. या फ्रस्ट्रेशनला तुम्ही 'कुचंबणा' म्हणत होता. उमरग्याच्या बाजारातून आणलेले कोंबड्यांचे डालगे टेबलावर ठेवून, त्याच्या षटकोनी विणीत हर्बर्टस्मिथाइट या खनिजातील तांब्याच्या अणूंची कागोमे जाळी, म्हणजे कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या त्रिकोणांची वीण, तुम्ही बोटाने गिरवून दाखवली होती. त्या खनिजात 50 मिलीकेल्विनपर्यंतही चुंबकीय क्रम, म्हणजे स्पिनची ठरावीक मांडणी, सापडलेला नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले.

तापमानानुसार चुंबकत्व दाखवणाऱ्या माझ्या आलेखात मात्र 50 केल्विनजवळ स्पष्ट उंचवटा आला होता. स्पिनमधील परस्पर ओढ किती जोरदार आहे हे सांगणारे वाइस तापमान उणे 200 केल्विनच्या आसपास, म्हणजे ओढ जोरदार आणि उलट दिशेची, असल्याने तो मला पदार्थाचाच वाटला, आणि नवे अवस्था-संक्रमण सापडले म्हणून मी लेखाचा मसुदाही लिहायला घेतला. तुम्ही छापील आलेखावर पेन्सिलीने गोल काढून एवढेच विचारलेत, "नमुना ठेवल्यावर मोजणीचा कक्ष, आतली हवा घालवायला, हेलियमने किती वेळा धुतलास?" मी एकदाच, तोही घाईत धुतला होता. आत राहिलेल्या हवेतला ऑक्सिजन गोठून नेमका त्याच तापमानाला चुंबकीय खूण उमटवतो, हे समजावून तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत माझ्याबरोबर थांबलात. कक्ष तीनदा धुऊन पुन्हा मोजल्यावर तो उंचवटा नाहीसा झाला, आणि उरला तो 24 केल्विनजवळचा खरा बदल, जिथे स्पिन एकमेकांशी जवळपास 120 अंशांचा कोन करून स्थिरावतात.

स्पिनला सर्व दिशा सारख्याच मोकळ्या असतील, तर सुट्या थरात निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला असा दूरवरचा क्रम टिकत नाही, हे 1966 साली मर्मिन आणि वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले. त्यामुळे थराथरांमधला क्षीण धागा आणि स्पिनचा ठरावीक दिशेकडचा कल, या दोन्हींचा विचार मला करावा लागला, आणि प्रकरणाला खरा विषय तिथे मिळाला.

तुमच्या पेन्सिलीच्या गोलासह तो चुकीचा आलेख मी परिशिष्टात जोडला आहे. प्रबंधाची एक प्रत घेऊन दिवाळीच्या सुट्टीत उमरग्याला येतो.

आपला विद्यार्थी