याचिका फेटाळली म्हणजे शिक्कामोर्तब झाले असे नाही

महोदय,

‘उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ हा मथळा वर्तमानपत्रांत वारंवार दिसतो. बातमी पुढे वाचली की अनेकदा कळते, सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका फेटाळली, एवढेच घडले आहे. अशा मथळ्यांवर विसंबून लोक जमिनीच्या, नोकरीच्या दाव्यांबाबत निर्णय घेतात, म्हणून हे पत्र.

विशेष अनुमती याचिका संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली येते आणि ते प्रकरण दोन टप्प्यांत चालते. आधी अपील करण्याची फक्त परवानगी मागायची असते. ती द्यायची की नाही हा न्यायालयाचा स्वेच्छाधिकार. याचिका उशिरा आली किंवा मुद्दा हस्तक्षेप करण्याइतका महत्त्वाचा वाटला नाही, तरीही ती नाकारली जाते. परवानगी मिळाली तरच अपील उभे राहते.

कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य (२०००) या खटल्यात त्रिसदस्यीय पीठाने याचे परिणाम सांगितले आणि २०१९ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात तेच पुन्हा उचलून धरले. कारणे न देता याचिका फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही, म्हणजे तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बनत नाही. त्यामुळे तो अनुच्छेद १४१ खाली (सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांना बांधतो, तो हा अनुच्छेद) देशभर बंधनकारक ठरत नाही, आणि उच्च न्यायालयात पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच न्यायालयाकडे फेरविचाराची मागणी, करण्याची वाटही त्या फेटाळणीमुळे बंद होत नाही. फेटाळताना कारणे देऊन कायद्याचा एखादा मुद्दा मांडला, तर तेवढे विधान बंधनकारक; विलीनीकरण मात्र तरीही नाही. परवानगी देऊन, अपील ऐकून मग फेटाळले, तर निकाल विलीन होतो आणि उच्च न्यायालयात पुनर्विलोकन मागता येत नाही.

म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या एखाद्या निकालाविरुद्धची याचिका एका ओळीत फेटाळली गेली, तर तो निकाल महाराष्ट्र-गोव्यातील कनिष्ठ न्यायालयांवर पूर्वीसारखाच बंधनकारक राहील. कर्नाटकातील न्यायाधीश तो विचारात घेतील, पण त्यांच्यावर तो बंधनकारक नाही. उलट टोकाची चूकही होते: ‘कारणे दिली नाहीत, म्हणजे निकाल कच्चा’ असे काही पक्षकार समजतात. त्या खटल्यातील पक्षकारांना निकाल पाळावाच लागतो.

खातरजमा करणे अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक टाकला की आदेश मोफत मिळतो. असा आदेश बहुधा पान-दीड पानाचाच असतो. त्यात ‘लीव्ह ग्रँटेड’ (परवानगी दिली) आहे का, हे आधी पाहावे. असेल तर प्रकरणाला दिवाणी किंवा फौजदारी अपिलाचा क्रमांक मिळतो. मग शेवटचा परिच्छेद वाचावा. ‘कायद्याचा प्रश्न खुला ठेवला आहे’, म्हणजे त्यावर निर्णय दिलेला नाही, हे वाक्य असेल तर बहुधा तिथेच असते, आणि बातमीतून नेमके तेच गळते.

आपल्या वार्ताहरांनी प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख आणि अपिलाची परवानगी दिली होती की नाही, एवढे प्रत्येक न्यायालयीन बातमीत द्यावे, आणि परवानगी नाकारली असेल तर मथळ्यात ‘याचिका फेटाळली’ असेच छापावे, ही विनंती.

– एक वकील वाचक, पुणे